आईसाठी खुरपं घेताना पात्याआधी मान बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई 62 वर्षांच्या, उजव्या मनगटात कळ येते. पुण्यात गच्चीवर चाळीसेक कुंड्या आणि खाली कंपाउंडलगत पंधरा फुटांची मातीची पट्टी. ऑनलाइन मागवलेल्या तीन नगांच्या सेटमधली खुरपी त्या पट्टीत महिनाभरात वाकली. आता बाजारातल्या 150 रुपयांच्या खुरप्यापासून 1400 रुपयांच्या ‘एर्गोनॉमिक’ खुरपीपर्यंत सगळं बघून तुम्ही गोंधळलाय, आणि विचारताय की चांगलं खुरपं ओळखायचं कसं, आणि महागातलं घेतलं तर आईचा हात दुखायचा थांबेल का.

मी साताऱ्याजवळ रोपवाटिका चालवते, 23 वर्षं झाली. सात-आठ बायका बारमाही आमच्याकडे भांगलणीला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, असतात आणि मीही रोज दीड-दोन तास खुरपं धरते. लिहितेय ते त्या जोरावर.

आधी एक गोष्ट वेगळी करू. खुरपं टिकणं आणि खुरपं हाताला सोसणं या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. वीस वर्षं न वाकणारं खुरपंही मनगटाची वाट लावू शकतं, आणि हाताला अगदी मऊ लागणारं खुरपं दोन पावसाळे काढत नाही. तुम्ही किमतीवरून दोन्हींचा अंदाज बांधताय आणि तिथंच गोंधळ होतोय. आईंचं मनगट दुखतं ते बहुतेक मनगट वाकवून जोर लावावा लागतो म्हणून. मनगट सरळ असताना मुठीत सगळ्यात जास्त ताकद असते. ते आत, बाहेर किंवा खाली मुडपलं की पकड ढिली पडते, मग तेच काम करायला आपण मूठ जास्त आवळतो आणि दुखणं वाढतं. म्हणून खुरपं हातात घेतलं की मी पात्याकडे नंतर बघते. आधी बघते मान.

मान म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधला लोखंडाचा वाकलेला भाग. पातं जमिनीला किती कोनात लागणार आणि तेव्हा मूठ कुठे असणार, हे सगळं मानेवर ठरतं. तुमच्या सेटमधली खुरपी सरळ मानेची असणार, चमच्यासारखी. ती ढकलायची वस्तू आहे. मातीत खुपसायची, उकरायची, रोप उचलायचं. आपल्याकडचं गावठी खुरपं वाकड्या मानेचं आणि वाकड्या पात्याचं असतं, ते ओढायचं असतं. पातं मातीच्या पापुद्र्याखाली सरकवून आपल्याकडे ओढलं की गवत मुळाशी कापलं जातं. सरळ खुरपीनं पट्टीतलं गवत काढायला गेलं की दर फटक्याला मनगट खाली मुडपावं लागतं, शिवाय जोर सगळा मानेच्या जोडावर येतो. तुमची खुरपी वाकली त्याचं अर्धं कारण हलका पत्रा असेल, पण अर्धं कारण हे की तिला तिचं नसलेलं काम दिलं गेलं.

त्यामुळे पहिलं उत्तर असं की एका खुरप्यात तुमचं भागणार नाही. कुंड्यांसाठी लहान, अरुंद, सरळ खुरपी, आणि पट्टीसाठी वाकड्या मानेचं खुरपं. कुंडीतली माती कोकोपीट-शेणखत मिसळलेली, भुसभुशीत असेल तर तिथं साधी स्वस्त खुरपीसुद्धा चालते, त्यावर पैसे घालू नका. पैसे आणि वेळ पट्टीच्या खुरप्यावर घाला, कारण खरा जोर तिथं लागतो.

आता मान तपासायची कशी. खुरपं फरशीवर असं ठेवा की पात्याची धार पूर्ण टेकेल. मग ज्या पद्धतीनं आई काम करतात तसं बसून मूठ धरा. उकिडवं बसत असतील तर उकिडवं, छोट्या स्टुलावर बसत असतील तर स्टुलावर. बोटांची पेरं फरशीला घासायला नकोत, मधे निदान दोन बोटं जागा हवी. आणि कोपरापासून मुठीपर्यंत हात एका रेषेत दिसायला हवा. मनगटाजवळ घडी पडली तर ते खुरपं त्यांचं नाही, मग ते कितीही सुबक असो. ही तपासणी दुसऱ्यानं करून उपयोग नाही, कारण बसायची उंची आणि हाताची लांबी ज्याची त्याची. दुकानात खाली बसायला संकोचू नका. आमच्या आठवडी बाजारात लोहाराच्या पालासमोर बायका सरळ बसकण मारून पाच-सहा खुरपी जमिनीवर ओढून बघतात.

आमच्याकडे एक मावशी आहेत, साठीच्या आसपासच्या. त्यांचं खुरपं मी एकदा मुद्दाम मागून घेऊन निरखलं. पातं झिजून झिजून दोन बोटं रुंद उरलंय, मूळचं चार बोटं तरी असणार. मूठ बाभळीची, पॉलिश नाही, पण हाताच्या घामानं काळी आणि गुळगुळीत झालेली. अंगठा टेकतो तिथं उथळ खळगा पडलाय. मुठीच्या पुढच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, दोनच वेढे. विचारलं तर म्हणाल्या, “पावसात बोट पुढं सरकतं वं, पातं लागतं.” आणि मान पाहिली तर लोहाराकडून आल्यानंतर त्यांनी ती पुन्हा वाकवून घेतली होती, मूळ खुरप्यापेक्षा चांगली बोटभर वर. त्या उकिडव्या न बसता पाटावर बसून भांगलतात, त्यामुळे त्यांना मूठ उंच हवी होती. कोणत्याही कंपनीनं त्यांच्यासाठी इतकं नेमकं अवजार बनवलं नसतं.

याच्या उलटा अनुभव मी पैसे देऊन घेतलाय. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून दोन डझन एकसारखी खुरपी आणली. लाल-काळ्या रबरी मुठी, बोटांसाठी खाचा पाडलेल्या, दिसायला फार छान. मला वाटलं बायकांचे हात सुखावतील. आठवड्याभरात एकेक करून सगळ्या घरून आपापली जुनी खुरपी घेऊन यायला लागल्या. कारण कळायला मला वेळ लागला. त्या खाचा मोठ्या पुरुषी पंजाच्या मापाच्या होत्या. लहान हाताची बोटं खाचेत बसण्याऐवजी खाचांमधल्या उंचवट्यांवर यायची आणि तासाभरात तिथं वळ उठायचे. शिवाय रबर आतल्या लोखंडावर नुसतंच चढवलेलं. ओल्या मातीत ओढताना मूठ हातात फिरायची, म्हणून बायका ती अजून घट्ट आवळायच्या. गादीसारखी मऊ मूठ बोटाला दाबून बघताना बरी वाटते, पण खुरप्याला हवी असते न फिरणारी मूठ.

म्हणून मुठीचं माझं मोजमाप असं. आडवा छेद गोल नको, किंचित लंबगोल हवा, म्हणजे ती हातात फिरत नाही आणि न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते कळतं. जाडी अशी की मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक तर्जनीच्या शेवटच्या पेरावर जेमतेम चढेल. बहुतेक बायकांच्या हाताला 30 ते 35 मिलिमीटर जाडी बरी पडते. दोरी गुंडाळून घेर मोजलात तर साधारण साडेनऊ ते अकरा सेंटिमीटर. लांबी तळहाताच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवी. हे फार महत्त्वाचं आहे. मूठ आखूड असली की तिचं मागचं टोक तळहाताच्या मधोमध, मनगटाच्या जरा वर रुततं. नेमकी तिथूनच अंगठ्याकडे आणि पहिल्या बोटांकडे जाणारी शीर जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच नाजूक खुरप्यांची मूठ आखूड असते. आणि बोटांच्या खाचा असलेली मूठ नकोच, ती नेमकी आईंच्या बोटांच्या मापाची निघणं हा योगायोग.

लाकडाची मूठ असेल तर रेषा लांबीच्या दिशेनं जातात का बघा. आडव्या रेषांची मूठ एक दिवस मधेच तुटते. बाभूळ उत्तम, शिसव मिळालं तर फारच छान. चकचकीत व्हार्निश मात्र ओल्या हातात निसटतं आणि कोरड्या हाताला फोड आणतं. तसं असेल तर पॉलिश पेपरनं घासून काढा आणि जवसाचं तेल चोळा.

आता टिकाऊपणा. इथं तीन ठिकाणं बघायची: मुठीतला जोड, मान आणि धार.

जोडासाठी एका हातात पातं, दुसऱ्या हातात मूठ धरून कपडा पिळतो तसं पिळा. किंचितही हललं किंवा ‘खुट’ वाजलं तर घेऊ नका. पातं पुढे निमुळतं होऊन मुठीत जातं तो दांडा किती आत गेलाय हे बाहेरून दिसत नाही. म्हणून मी मुठीच्या मागच्या टोकाला बघते. दांडा आरपार येऊन तिथं ठोकून वळवलेला असेल तर निर्धास्त घ्यावं. मुठीच्या तोंडाशी लोखंडाची किंवा पितळेची शेंबी, म्हणजे घट्ट बसवलेलं कडं, हवीच, तिच्यामुळे लाकूड चिरत नाही. काही जण ढिल्या झालेल्या मुठीचं खुरपं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं आणि मूठ घट्ट बसते, पण वाळलं की पहिल्यापेक्षा ढिली होते. तसं करू नका, लोहाराकडून पाचर मारून घ्या.

मान आणि पातं एकाच पट्टीतून ठोकून काढलेलं असावं. मधे वेल्डिंग असेल तर ते बहुतेक मानेच्या वळणावरच असतं, म्हणजे जिथं सगळ्यात जास्त ताण तिथंच सांधा. जाड रंग फासलेला असेल तर मानेवर नखानं खरवडून बघा, रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा लपतो.

लोखंड कसलं आहे हे ओळखणं थोडं सवयीचं काम आहे, पण अवघड नाही. साध्या लोखंडी पत्र्यात कार्बन फार कमी असतो, त्यामुळे तो तापवून पाण्यात बुडवला तरी कडक होत नाही. लोहार ज्याला कमानपाट्याचं खुरपं म्हणतात ते ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यातून बनवलेलं असतं. त्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, तेवढा पाणी धरायला पुरतो. ‘पाणी देणं’ म्हणजे धार लालबुंद तापवून झटकन विझवायची. पण नुसतं विझवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, खड्यावर आपटलं की टवका उडतो. म्हणून चांगला लोहार ते पुन्हा हलकं तापवतो. घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर रंग सरकत जातात, आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळट, मग निळा. खुरप्याला दगडगोटे लागणारच, त्यामुळे त्याला वस्तऱ्याइतकी कडक धार नको असते. मी ज्यांच्याकडून घेते ते लोहार जांभळट रंग धारेपाशी आला की थांबतात.

हे सगळं तुम्हाला दुकानात दिसणार नाही. तिथं दोन गोष्टी करा. पात्याचं टोक लाकडी फळीवर टेकवून हळूच दाबा, जरा वाकू द्या आणि सोडा. पोलाद परत सरळ होतं, पत्रा वाकलेलाच राहतो. आणि खिशात छोटी कानस न्या. धारेवर एकदा फिरवा. लोण्यासारखी चावली तर धार मऊ आहे, दर आठवड्याला लावावी लागेल. काचेवरून सरकल्यासारखी नुसतीच घसरली तर फार कडक, टवके उडतील. थोडा विरोध करत, करकर वाजत कानस चावायला हवी. दुकानदार कानस लावू देत नसेल तर नाणं मारून आवाज तरी ऐका. भेग असलेलं पातं भद्द वाजतं.

स्टेनलेस स्टीलबद्दल विचारलंत. गंजत नाही एवढाच त्याचा खात्रीचा गुण. स्वस्त खुरप्यांमधलं स्टेनलेस पातळ आणि मऊ असतं, धार धरत नाही. गच्चीवरच्या भुसभुशीत कुंड्यांना चालेल. पट्टीसाठी मी घेणार नाही. साधं पोलाद वापरून झाल्यावर पुसून, हातासरशी तेलाचं बोट फिरवून ठेवलं तर गंजाचा त्रास नसतो.

वजनाचं मात्र सरसकट सांगता येत नाही. हलकं म्हणजे बरं असं वाटतं, पण अगदी हलकं खुरपं मातीत स्वतःच्या वजनानं बसत नाही, सगळा दाब आपल्याला द्यावा लागतो. माझं रोजचं खुरपं सव्वादोनशे ग्रॅमचं आहे. मनगट दुखणाऱ्या माणसाला मी याहून जड देणार नाही, पण शंभर ग्रॅमचंही देणार नाही. तोलही बघा. मूठ संपून मान सुरू होते तिथं एका बोटावर खुरपं ठेवलं की पातं धप्पकन खाली जाऊ नये.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: आई डावऱ्या आहेत का? वाकडं खुरपं उजव्या हाताचं असतं. डावऱ्या माणसाच्या हातात त्याची धार उलट्या बाजूला येते आणि मनगट भलतंच पिळलं जातं. आमच्याकडे एक मुलगी दोन महिने हात दुखतो म्हणून रोज सांगायची. तिला लोहाराकडून उलट्या वळणाचं खुरपं करून दिलं, तेवढ्यानं फरक पडला. रेडीमेडमध्ये असं खुरपं मी कधी पाहिलं नाही, सांगून करून घ्यावं लागतं.

आता ज्या गोष्टी खुरप्यावर अवलंबून नाहीत त्या. सगळ्यात मोठी म्हणजे वाफसा, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल अशी बेताची ओल. पट्टी कडक वाळलेली असताना जगातलं कुठलंही खुरपं मनगटाला त्रास देणार. आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी माती मुठीत दाबली की गोळा व्हावी, बोटानं ढकलली की फुटावी, अशा वेळी काम करा. निम्मा जोर वाचतो. लव्हाळा असेल तर वरवर कापून काही होत नाही, खालच्या गाठीपासून तो पुन्हा फुटतो. त्याला अरुंद टोकाचं खुरपं खोल घालून गाठ उचलावी लागते, आणि ते फक्त वाफशावरच जमतं. हरळीचंही तसंच, मातीतल्या कांड्या राहू द्यायच्या नाहीत. हे दोन्ही पट्टीत माजलेले असतील तर पहिली साफसफाई आईंना करायला लावू नका. एकदा माणूस लावून कुदळीनं खणून घ्या, मग आठवड्याला वीस मिनिटांचं खुरपणं उरतं.

दुसरं, सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ओढू नये. मधे कुंड्यांचं, पाणी द्यायचं, पिवळी पानं काढायचं काम करावं. धार बोथट झाली की जोर वाढतो, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी कानशीचे सहा-सात हात मारा. लोहारानं ज्या बाजूला उतार दिलाय त्याच बाजूनं, त्याच कोनात. ग्राइंडरवर धरू नका. धार निळी पडली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं.

पट्टी वाढवणार असाल किंवा आईंना खाली बसणंच जड जात असेल तर खुरप्याचा नाद सोडा आणि लांब दांड्याचं, तण काढायचं हात-कोळपं बघा. उभ्यानं चालवता येतं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं आणि आपल्या कृषी विद्यापीठांनी शेतात काम करणाऱ्या बायकांची उंची, पंजा, पकड लक्षात घेऊन अशी अवजारं केली आहेत. पंधरा फुटांच्या पट्टीला ते दहा मिनिटांचं काम आहे.

आणि महाग खुरपीनं दुखणं थांबेल का, याचं सरळ उत्तर देते. दुखणं चुकीच्या कोनामुळे असेल तर योग्य खुरप्यानं तीन-चार आठवड्यांत फरक जाणवेल, आणि ते खुरपं बहुधा 300 रुपयांच्या आतलं असेल. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, हातातून कप सुटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर खुरपं बंद. ते अवजार बदलून जाणारं दुखणं नाही.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. येत्या रविवारी आईंना घेऊन जवळच्या एखाद्या गावच्या आठवडी बाजारात जायचं, दोरी आणि कानस बरोबर. लोहाराला सांगायचं, कमानपाट्याचं, तीन बोटं रुंद, टोक जरा निमुळतं, मूठ लंबगोल आणि साडेचार इंची. आईंना स्टुलावर बसवून खुरपं ओढून बघायला सांगायचं आणि मान तिथल्या तिथं वाकवून घ्यायची. भाता पेटलेला असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, चांगला लोहार ते आनंदानं करतो. पाणी धारेलाच दिलेलं असतं, मान मऊच ठेवतात, त्यामुळे ती पुन्हा तापवून वाकवली तरी बिघडत नाही. फक्त तापवताना धार विस्तवाबाहेर राहील एवढं बघा.

वाकलेली खुरपी टाकू नका. फळीवर ठेवून हातोडीनं सरळ करा, कुंडीत खत मिसळायला आणि रोपं उचलायला तिचा उपयोग होईल. नवं खुरपं आल्यावर आईंनी वापरताना बाजूनं एक फोटो काढा, कोपर, मनगट आणि पातं तिन्ही दिसतील असा, आणि इथंच टाका. मान अजून किती वाकवायची ते मी बघून सांगते.